बे एरिया सोडून जावं का? गेलेले, राहिलेले, परत आलेले, सगळ्यांनी लिहा

सायली_फ्रीमॉन्ट
नमस्कार मंडळी,
२०२० पासून आमच्या ओळखीतली एकेक घरं इथून, म्हणजे बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे हा परिसर, सिलिकॉन व्हॅली धरून) हलली. कुणी टेक्सासमध्ये ऑस्टिनला, कुणी डॅलसजवळ फ्रिस्कोला, एक कुटुंब नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला. आता आमच्यावर वेळ आली आहे. नवऱ्याची टीम ऑस्टिनला हलवायचं कंपनीने ठरवलंय. पगार थोडा कमी होईल, सामान हलवण्याचा खर्च कंपनी देणार आहे. "येता की नाही" हे दोन महिन्यांत सांगायचंय. माझं काम घरून चालतं, त्यामुळे माझी नोकरी टिकेल असं सध्या तरी वाटतंय.

आम्ही भाड्याच्या दोन बेडरूममध्ये राहतो. मुलगी चौथीत आहे. दोघंही कमावतो, तरी इथे घर घेणं जमेल असं दिसत नाही. २०२४ मध्ये सॅन होजे परिसरात स्वतंत्र घराची मध्यम किंमत २० लाख डॉलरच्या वर गेली. वीस टक्के भरायचे म्हटले तर ४ लाख डॉलर हातात हवेत. भाडं, पाळणाघर आणि भारतात आईबाबांची औषधं भागवून एवढे कधी साठणार?

बातम्यांमध्ये "सिलिकॉन व्हॅली ओस पडतेय" असंही येतं आणि "एआयमुळे पुन्हा गर्दी झालीय" असंही. मला आकड्यांपेक्षा माणसांचे अनुभव हवेत. जे गेले ते तिथे रमले का? आणि आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे, त्याचं काय होतं?

मुक्काम_डॅलस
जा. दुसरा विचार करू नका. आम्ही सनीवेल सोडलं, इथे चार बेडरूमचं घर घेतलं, मागे अंगण आहे, मुलांना सायकल चालवायला रस्ता आहे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर शून्य. कॅलिफोर्नियात १३.३ टक्के. एवढा एक मुद्दा पुरे आहे.

घाटमाथा
१३.३ टक्के हा दर दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला आहे. सायलीताईंसारख्या जोडप्याचं उत्पन्न तीन लाख धरलं तर वरचा टप्पा ९.३ टक्क्यांचा लागतो आणि राज्याचा एकूण कर साधारण वीस हजारांच्या आसपास जातो. रक्कम लहान नाही हे मान्य. पण टेक्सासमधल्या पाच लाखांच्या घरावर बऱ्याच गावांत दोन टक्क्यांच्या आसपास मालमत्ता कर बसतो, म्हणजे दरवर्षी दहा हजारांच्या घरात. निम्मी बचत तिथेच गेली. राहत्या घराला सवलत आहे आणि २०२३ मध्ये शाळेच्या करापुरती ती १ लाख डॉलरपर्यंत वाढवली, तेवढा दिलासा. पण नोकरी गेली की आयकर आपोआप थांबतो, मालमत्ता कर थांबत नाही. हा फरक निर्णय घेण्याआधी नीट समजून घ्या.

आणखी एक. नवऱ्याला कंपनीचे शेअर मिळत असतील तर बे एरियात असताना देऊ केलेले आणि टेक्सासला गेल्यावर हातात पडलेले शेअर पूर्ण करमुक्त होत नाहीत. दिल्यापासून हाती पडेपर्यंतच्या काळातले जेवढे दिवस कॅलिफोर्नियात काम केलं, तेवढ्या हिश्श्यावर कॅलिफोर्निया कर मागतं. पुष्कळ लोकांना हे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना कळतं.

तांबडा_पांढरा
घाटमाथा, हे शेअरचं कुणीच सांगत नाही बघा. प्रतिसाद जपून ठेवलाय.

खडकवासलेकर
कंपन्या जातायत त्याचं कारण सरळ आहे. सरकार कर लावतं, नियम लावतं, रस्त्यावर घाण आहे, मग कोण थांबेल? ओरॅकल गेली, एचपी एंटरप्राइझ गेली, टेस्ला गेली, श्वाब ही शेअर दलाली कंपनी गेली, शेव्हरॉन ही तेल कंपनी चालली. एवढी मोठी नावं उगाच जात नाहीत.

जुनाजाणता
खडकवासलेकर, नावं बरोबर आहेत, पण "गेली" म्हणजे नेमकं काय गेलं ते पाहू.

एचपी एंटरप्राइझने डिसेंबर २०२० मध्ये मुख्यालय सॅन होजेहून ह्यूस्टनजवळ नेण्याचं जाहीर केलं. त्याच घोषणेत सॅन होजेचा कॅम्पस चालू राहील, यासाठी कुणाला कमी करणार नाही, असंही होतं. ओरॅकलने त्याच महिन्यात रेडवुड शोअर्स सोडून ऑस्टिन हे मुख्यालय केलं आणि २०२४ मध्ये संस्थापक लॅरी एलिसन म्हणाले की पुढचं जागतिक मुख्यालय नॅशव्हिल. टेस्लाने ऑक्टोबर २०२१ मध्ये पालो आल्टोहून ऑस्टिनला जात असल्याचं सांगितलं. फ्रीमॉन्टचा कारखाना चालूच राहिला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच टेस्लाने अभियांत्रिकीचं मुख्यालय पालो आल्टोत केलं, तेही एचपीच्या जुन्या मुख्यालयाच्या इमारतीत! पत्ता हलतो, सही करणारे वरिष्ठ हलतात. इंजिनिअर बहुतेक वेळा होते तिथेच असतात. वरिष्ठांना जाण्यात रस का, हेही उघड आहे. कॅलिफोर्निया शेअरच्या नफ्यावर साध्या उत्पन्नाच्याच दराने कर घेतं, टेक्सास घेत नाही. ज्याच्याकडे कोट्यवधींचे शेअर आहेत त्याचं गणित आणि सायलीचं गणित एक नाही.

मी १९८० च्या दशकात इथे आलो. तेव्हा सांता क्लारात जर्दाळूच्या बागा अजून शिल्लक होत्या आणि चिपचे कारखानेही होते. बागा गेल्या. मग कारखाने गेले. इंटेलने ओरेगॉनला १९७० च्या दशकातच सुरुवात केली होती, पुढे ॲरिझोना, न्यू मेक्सिको. सांता क्लारातला शेवटचा चिप कारखाना बंद करायचं त्यांनी २००९ मध्ये जाहीर केलं. म्हणजे ज्या सिलिकॉनवरून या भागाला नाव पडलं, ते बनवण्याचं काम इथून कधीच गेलं. तेव्हाही लोक म्हणाले, संपलं. मार्च २००० नंतर डॉटकॉम, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा फुगा, कोसळलं तेव्हा तर माझ्या गल्लीतल्या कितीतरी घरांसमोर सामानाचे ट्रक उभे होते. प्रत्येक वेळी काम गेलं ते शिकून झालेलं, ठरावीक रीतीने करता येणारं. नवं, कच्चं काम इथेच सुरू होत राहिलं.

अबोली
काका, तुमचे प्रतिसाद वाचायला नेहमीच आवडतात. पण नवं काम इथेच का सुरू होतं? स्टॅनफर्ड आहे म्हणून? विद्यापीठं तर सगळीकडे आहेत.

जुनाजाणता
स्टॅनफर्ड आहे, सँड हिल रोडवरचे गुंतवणूकदार आहेत, पण मला सगळ्यात मोठं कारण एक जुना कायदा वाटतो. "आमची नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाणार नाही" असं नोकराकडून लिहून घेतलेलं कलम कॅलिफोर्नियात चालत नाही. हे १८७२ पासून आहे. १९५७ मध्ये आठ जण शॉकलीची सेमीकंडक्टर प्रयोगशाळा सोडून बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड ही चिप कंपनी उभी केली. फेअरचाइल्डमधून बाहेर पडलेल्यांनी इंटेल काढली. माणूस आज एका कंपनीत, उद्या रस्त्यापलीकडच्या कंपनीत, आणि डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर. बऱ्याच राज्यांत असं कलम कोर्टात टिकतं, टेक्सासमध्येही वाजवी असेल तर टिकतं. सायली, नवऱ्याला ऑस्टिनचं नवं करारपत्र देतील तेव्हा त्यात असं कलम आहे का ते आधी बघा.

तांबडा_पांढरा
म्हंजे दुसऱ्याची माणसं पळवायला मोकळीक, त्येच्यावर अख्खी व्हॅली उभी! आमच्याकडं कुस्तीच्या तालमीत असं केलं तर वस्ताद दारात उभा करत न्हाई.

शून्यमात्रा
ग्रीन कार्डाबद्दल मी लिहितो, कारण यातून गेलो आहे. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

एच-१बी हा कामाचा व्हिसा एका मालकाशी आणि एका कामाच्या जागेशी बांधलेला असतो. दुसऱ्या महानगर क्षेत्रात कामाची जागा गेली की सुधारित अर्ज आधी दाखल करावा लागतो, २०१५ पासून हे पक्कं झालंय. हा सोपा भाग. अवघड भाग पर्मचा, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीला श्रम खात्याकडून आधी घ्यावी लागणारी मंजुरी. पर्मही विशिष्ट भागातल्या नोकरीसाठी असतं. सॅन होजेसाठी मंजूर झालेलं पर्म ऑस्टिनच्या नोकरीला चालत नाही. शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरून १८० दिवस झाले असतील तर तशाच प्रकारच्या नोकरीवर जाता येतं. ते झालं नसेल तर पर्म पुन्हा, त्यावर आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी करायचा अर्ज) पुन्हा. पहिलं आय-१४० मंजूर असेल तर रांगेतली तारीख मात्र जात नाही, ती नव्या अर्जाला लागते.

आपल्यापैकी किती लोक याच कारणाने २०२०-२१ मध्ये हलू शकले नाहीत! सहकारी आयडाहो, कोलोरॅडो, कुठेकुठे जाऊन घरं घेत होते. आम्ही आमच्या एका खोलीत, लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवून, वकिलाच्या मेलची वाट बघत. एका देशाला वर्षाला सात टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दहा-बारा वर्षं मागे आहे. "लोक पायांनी मतदान करतात" असं वाचतो तेव्हा मनात येतं, आमचे पाय बांधलेले होते.

सायलीताई, तुमचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे?

सायली_फ्रीमॉन्ट
शून्यमात्रा, मनापासून आभार. आय-१४० मंजूर आहे, पुढचा अर्ज भरायची आमची तारीख अजून आलेली नाही. म्हणजे पर्म पुन्हा करावं लागणार. कंपनीच्या पत्रात यावर एक ओळही नाही! उद्याच विचारते.

शून्यमात्रा
लेखी विचारा. "नवं पर्म कधी सुरू कराल, खर्च कोण करेल, आणि तोवर कामावरून कमी केलं तर काय" हे तिन्ही. नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळतात ते जास्तीत जास्त ६० दिवस. त्या ६० दिवसांत तुम्ही कुठल्या गावात आहात याला फार महत्त्व येतं.

ऑस्टिनकर_२०२१
नेमकं इथेच मला बोलायचंय. आम्ही २०२१ च्या सुरुवातीला फ्रीमॉन्टहून ऑस्टिनजवळ राउंड रॉकला आलो. सामान उघडून होतं न होतं तोच फेब्रुवारीतलं ते बर्फाचं वादळ. टेक्सासची वीज यंत्रणा बरीचशी स्वतंत्र आहे, शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज घेता येत नाही. लाखो घरांची वीज गेली. आम्ही गॅसवर पाणी तापवून मुलाला गुंडाळून बसलो. कितीतरी लोक त्या आठवड्यात दगावले. उन्हाळ्याचं म्हणाल तर २०२३ मध्ये सलग ४५ दिवस पारा १०० फॅरनहाइटच्या वर होता. नागपूरच्या माणसाला काही वाटणार नाही, आम्ही ठाण्याचे.

पण हे सगळं सोसता येतं. जड गेलं ते वेगळंच. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. बे एरियात असतो तर जुने सहकारी दहा मैलांच्या आत होते, कुणी ना कुणी "उद्या येऊन भेट" म्हणालं असतं. ऑस्टिनला कंपन्या आहेत, डेल इथलीच, ॲपलचा मोठा कॅम्पस आहे, सॅमसंगचा कारखाना आहे. पण माझ्या कामाच्या जागा हाताच्या बोटांवर, आणि त्या प्रत्येक जागेसाठी त्याच वेळी कमी झालेले आम्ही सगळे. तोवर ग्रीन कार्ड आलं होतं म्हणून निभावलं.

घराचं म्हणाल तर २०२२ मध्ये चढत्या भावात घेतलं, नंतर भाव उतरले. इथे भराभर अपार्टमेंट बांधली, त्यामुळे भाडीही खाली आली. घर घेतलेल्या आम्हाला ते टोचलं, पण नवीन येणाऱ्या तरुण जोडप्यांकडे बघून वाटतं, गाव असंच चालायला हवं. लोक आले तर घरं बांधायची.

तरी विचाराल तर पश्चात्ताप नाही. मुलगा इथे मोकळा वाढतोय. आईला मात्र रमवता आलं नाही. फ्रीमॉन्टला ती रोज लेक एलिझाबेथ तळ्यावर चालत जायची, तिथे तिला गुजराती, पंजाबी, मराठी मैत्रिणी होत्या. इथे दाराबाहेर पडायचं तर गाडी, आणि गाडी चालवणारे आम्ही दोघंही कामात. तीन आठवडे आधीच परत गेली.

अबोली
आईंचं वाचून गलबलून आलं. सायली, तुझे सासू-सासरे दर उन्हाळ्यात येतात ना? त्यांच्यासाठी हा मुद्दा वर घे.

मुक्काम_डॅलस
ऑस्टिनकर, म्हणूनच मी डॅलस म्हणतो. इथे फक्त आयटी नाही. बँका आहेत, विमा आहे, एटी अँड टी आहे, टोयोटाचं अमेरिकेतलं मुख्यालय प्लेनोत आहे, श्वाब वेस्टलेकला. एक धंदा बसला तरी दुसरीकडे नोकरी सापडते. भारतीयांची वस्ती एवढी की देवळात, वाण्याकडे, शाळेत आपलीच माणसं. आणि घाटमाथा, मालमत्ता कराचं तुमचं गणित योग्य आहे. तरी माझी मुलं स्वतःच्या खोलीत झोपतात, हे मी कुठल्या रकान्यात मांडू?

गुरुजी_ट्रेसी
मी आयटीत नाही. सांता क्लारा काउंटीतल्या सरकारी शाळेत गणित शिकवतो. चर्चा सगळी कंपन्या आणि इंजिनिअर यांच्याभोवती चाललीय, म्हणून राहवेना.

इथून सगळ्यात जास्त कोण गेलं? कमी आणि मध्यम उत्पन्नाची माणसं. आणि ती २०२० च्या खूप आधीपासून जातायत. माझ्या शाळेतली ग्रंथपाल नेवाडात गेली. रखवालदार दोन तास लांब राहतो. मी डोंगरापलीकडे ट्रेसीला राहतो. पहाटे अल्टामाँट खिंडीतून गाड्यांची जी रांग लागते त्यात नर्सा, सुतार, पोलीस, शिक्षक असतात. स्टॉकटनहून सॅन होजेला येणारी रेल्वे आहे, तिच्या फेऱ्या मोजक्या, सकाळी इकडे आणि संध्याकाळी तिकडे. मुलाच्या शाळेतून फोन आला तर मध्येच परतायची सोय नाही. कंपनी गेली की वर्तमानपत्रात येतं. चांगली शिक्षिका गेली की वर्गावर महिनोन्‌महिने बदली शिक्षक येतात, त्याची बातमी होत नाही.

आता घराच्या किमतीबद्दल. खडकवासलेकर म्हणतात कर जास्त म्हणून लोक जातात. मी उलटं सांगतो, एक कर फार कमी आहे. १९७८ चं प्रोपोझिशन १३, मतदारांनी मंजूर केलेला मालमत्ता कराचा कायदा. घराचं करपात्र मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढतं, घर विकेपर्यंत. माझ्या वर्गात मुलांना चक्रवाढीचं उदाहरण हेच देतो. १९८० ला १ लाखाला घेतलेल्या घराचं करपात्र मूल्य पंचेचाळीस वर्षांनी फार तर २.४ लाख होतं, कर तीन हजारांच्या आत. शेजारचं तसंच घर आज २० लाखांना घेणारा वीस हजारांच्या वर भरतो. मग जुना मालक घर कशाला विकेल? आणि गावाला नव्या घरांपेक्षा नवी ऑफिसं, नवी दुकानं परवडतात. वर्षानुवर्षं ऑफिसं बांधली, घरं बांधली नाहीत. एकेका गावाच्या सभेत चार मजल्यांच्या इमारतीला विरोध करायला लोक रात्री अकरापर्यंत थांबतात, मी पाहिलंय.

परिणाम आमच्याच दारात आला. मुलंच कमी झाली. क्युपर्टिनोसारख्या ठिकाणी, जिथल्या शाळांसाठी आपले लोक वाट्टेल ते भाडं देतात, तिथे पटसंख्या घसरून प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या.

निळूभाऊ
गुरुजी, दंडवत. इथे लग्नाच्या बैठकीत आता पगार विचारत नाहीत, "घर कुठल्या सालचं?" विचारतात.

खडकवासलेकर
गुरुजी, १३ चा हा कोन मी असा पाहिला नव्हता. पण त्याच कायद्यामुळे निवृत्त म्हातारी माणसं आपल्या घरात राहू शकतात हेही खरं ना? माझ्या आत्याबाईंना आज बाजारभावाने कर लावला तर त्यांना उद्या घर सोडावं लागेल.

गुरुजी_ट्रेसी
आत्याबाईंना सवलत असावीच. पण तोच नियम मोठ्या कंपन्यांच्या जमिनींनाही आहे. २०२० मध्ये व्यापारी मालमत्तांना त्यातून वगळायचा प्रस्ताव मतदानाला होता, तो थोडक्यात पडला. आत्याबाईंच्या नावावर मोठ्या जमीनदारांचं राखलं जातं, माझा राग त्याच्यावर आहे.

केतकी_डबे
मी सनीवेलला घरगुती पोळीभाजीचे डबे देते. कंपन्या जातात की येतात हे मला बातम्यांच्या आधी कळतं :)
२०२० च्या उन्हाळ्यात एकटी राहणारी मुलं एकदम नाहीशी झाली. कुणी पुण्याला आईकडे, कुणी मित्राबरोबर सिॲटलला. मग २०२२ च्या शेवटी मोठमोठ्या कंपन्यांनी माणसं कमी केली. मेटाने ११ हजार, पाठोपाठ जानेवारीत गूगलने १२ हजार. तेव्हा डबे बंद नाही झाले, रोजचे दोन होते त्याचा एक झाला. आता पुन्हा मागणी वाढलीय, पण मुलं वेगळी. एकेका अपार्टमेंटमध्ये चौघं, रात्री दहाला जेवतात, शनिवारी पण कामावर. सगळी एआयवाली.
मुलगी शिकून नोकरीला लागली, ती इथे राहू शकत नाही म्हणून सॅक्रामेंटोला. मला त्याचं वाईट वाटतं. इतकी वर्षं इथे लोकांच्या मुलांना जेवू घातलं आणि माझंच लेकरू लांब.

मिशन_बे
केतकीताई बरोबर सांगतायत. मी सॅन फ्रान्सिस्कोत. २०२० च्या शेवटी इथली भाडी जवळपास पाव हिश्श्याने उतरली होती. पिंटरेस्टने न बांधलेल्या ऑफिसचा करार मोडायला ८ कोटी ९५ लाख डॉलर मोजले. ऑफिसांची एक तृतीयांश जागा रिकामी पडली. मग चॅटजीपीटी आलं. ते बनवणाऱ्या ओपनएआयने मिशन बेमधल्या उबरच्या इमारती भाड्याने घेतल्या. आता माझ्या घरमालकाने भाडं वाढवलंय आणि खोली बघायला रांग लागते. डाउनटाउनमध्ये मात्र अजून कितीतरी मजले अंधारात आहेत. गर्दी परतलीय ती एका धंद्याची. त्याच्यावर सगळं उभं राहतंय, याची मला काळजी वाटते.

बाणेर_टेकडी
पुण्याहून लिहितोय. तुमची चर्चा बे एरिया की टेक्सास अशी चाललीय. आमच्याकडून चित्र वेगळं दिसतं. तुमच्याकडे जी जागा बंद होते ती दरवेळी ऑस्टिनला उघडत नाही. माझ्या टीमचं आजचं काम पूर्वी सांता क्लारात व्हायचं, आता बरंचसं पुण्यात होतं. घरून काम करता येतं हे २०२० मध्ये सिद्ध झालं, तेव्हाच मला वाटलं होतं की घर बाणेरलाही असू शकतं. सायलीताईंची नोकरी "घरून चालते" हे वाचून सांगावंसं वाटलं, घरून होणारं काम सगळ्यात आधी हलतं. घाबरवायचं नाहीये. मला याचा आनंदही आहे, इथली मुलं आता नुसती दुरुस्तीची कामं करत नाहीत, अख्खं उत्पादन सांभाळतात. फक्त रात्री साडेनऊच्या मीटिंगने संसाराची वाट लागते.

खडकवासलेकर
बाणेर_टेकडी, मग पुण्याचंही तेच होणार. घरांचे भाव बघताय ना? हिंजवडीच्या चौकात तास तास...

प्रशासक
हिंजवडीसाठी वेगळा धागा आहे, कृपया तिथे लिहा.

रानमेवा
मध्येच एक प्रश्न. बे एरियातून टेक्सासला कढीपत्त्याची कुंडी नेता येते का? माझं झाड आता छतापर्यंत गेलंय.

घाटमाथा
नाही! कृपा करून नेऊ नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारी एक छोटी कीड त्यावर राहते. कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच भागात त्यासाठी क्वारंटाइन आहे आणि टेक्सासमध्ये बाहेरून लिंबूवर्गीय रोपं आणायला बंदी आहे. तिथल्याच परवानाधारक रोपवाटिकेतून नवीन घ्या. जुनं झाड शेजाऱ्यांना द्या.

रानमेवा
बरं झालं विचारलं. झाड केतकीताईंना देते, डब्यांना उपयोग होईल.

केतकी_डबे
आनंदाने! रविवारी येते.

सायली_फ्रीमॉन्ट
दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण सगळे प्रतिसाद नवऱ्याबरोबर बसून वाचले. काही ठिकाणी आमचं भांडणही झालं.

कंपनीने लेखी कळवलंय की नवं पर्म ऑस्टिनला रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी सुरू करतील. आम्ही ते रुजू होण्याआधी सुरू करा असं मागितलं आहे. त्यांनी हो म्हटलं तर जाणार. नाही म्हटलं तर तो इथेच दुसरी नोकरी शोधेल, आणि जुनाजाणता काकांच्या म्हणण्याप्रमाणे ती शोधायला याहून बरी जागा नाही. म्हणजे आमचा निर्णय घराच्या भावावर नाही, करावर नाही, एका अर्जाच्या तारखेवर अडकलाय. याचा मला खूप राग येतो. या गावात मुलगी जन्मली, इथल्या शाळेच्या बागेत मी दर शुक्रवारी काम करते, आणि राहायचं की जायचं हे ठरवणारे आम्ही नाही.

गेलो तर पहिली दोन वर्षं भाड्यानेच राहणार, ऑस्टिनकर यांचा अनुभव वाचून हे पक्कं केलं. बाणेर_टेकडी यांच्या सांगण्यावरून मीही माझा बायोडेटा झटकला. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "मला चालायला रस्ता असेल असं घर बघा." तर ऑस्टिनमध्ये असा कुठला भाग आहे?

ऑस्टिनकर_२०२१
सायलीताई, राउंड रॉकमध्ये ब्रशी क्रीकच्या काठाने चालायची चांगली वाट आहे, सीडर पार्ककडेही ती जाते. तिच्या जवळचं अपार्टमेंट बघा. बघायला ऑगस्टमध्येच या, ऊन कळेल. आमच्याकडे उतरा, खोली रिकामी आहे.

शून्यमात्रा
पर्मची मागणी केलीत हे उत्तम. त्यांचं "हो" आलं तरी मेलवर घ्या, फोनवर नको. आणि सुधारित एच-१बी दाखल झाल्याची पावती हातात येईपर्यंत इथलं घर सोडू नका.

गुरुजी_ट्रेसी
ऑगस्टमध्ये बघायला गेलात तर शाळेसाठी उशीर होईल. ऑस्टिन भागातल्या शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात. एकदा जूनमध्ये जाऊन या, आणि भाडेकरार करण्याआधी त्या पत्त्याला कोणती शाळा मिळते हे शाळा-जिल्ह्याच्या (स्कूल डिस्ट्रिक्टच्या) कार्यालयाकडून विचारून घ्या, जाहिरातीवर विसंबू नका. मुलीची इथली प्रगतिपत्रकं आणि लसींची नोंद आत्ताच मागून ठेवा. सुट्टी लागली की आमची ऑफिसं बंद असतात.